बारीक हात

माझा हात बारीक होता, म्हणून मला घेतलं.
चौदावं सरलेलं, शाळेत मन नव्हतं,
आणि शेपटीच्या नळकांड्यात खांद्यापर्यंत जाईल
असा हात उद्यमनगरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.
बाहेरून मगदूम गन लावायचे,
आतून मी लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा.
टर्र. एक रिव्हेट. टर्र. दुसरी.
वर्ष संपलं तेव्हा माझ्या बोटांना
अंधारातही पत्र्याची जाडी कळायला लागली होती.

भूपाल मगदूम. दिवसा पंपांचे इंपेलर,
रात्री साडेआठनंतर जेट.
जेट म्हणजे केवढं?
मारुती व्हॅनच्या शेजारी ठेवलं तर आधी व्हॅनच दिसेल.
इंजिन कळशीएवढं, प्यायला रॉकेल.
पण पहिल्यांदा पेटलं तेव्हा
गल्लीतली कुत्री गोखले कॉलेजपर्यंत पळाली,
समोरच्या फौंड्रीतला माणूस रस ओतता ओतता थांबला
आणि अख्खा साचा वाया गेला.
त्याचे पैसे मगदूमांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चुकते केले.

मग सुरू झालं पुसणं.
चहावाला पुसायचा, बँकेचा साहेब पुसायचा,
बस्तीतून परतताना वहिनींच्या मैत्रिणी पुसायच्या,
"उडवलं का ओ?"
मगदूमही पुसायचे.
पंख, काच, नाकाडावरची धूळ,
जुन्या धोतराच्या फडक्यानं, एकाच दिशेनं.

त्यांची उत्तरं मला पाठ आहेत.
दिल्लीचा कागद यायचाय.
माझं वजन ब्याण्णव, त्याला चालतं सत्तर.
टायर बदलायचेत.
कुणीतरी म्हणालं, चांभार बारा नंबरची चप्पल शिवतो,
म्हणून स्वतः घालतो का?
ते मगदूमांना पटलं नाही.
"त्यो निदान चालणारा पाय तरी बघतो," म्हणाले,
आणि परत फडकं घेतलं.
एकदाच, शटर ओढल्यावर, हात धुताना:
"भ्या न्हाई रे. पण मी वर गेलो
तर त्याचा आवाज खालनं कोण ऐकणार?"

अकरा वर्षांनी बेळगावचे हुंदरे आले.
निवृत्त वैमानिक, अंगानं काडी, वजन चौसष्ट.
दोन दिवस शेडमध्ये बसले, काही बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कागद मी बघतो."
कागद बघण्यात दीड वर्ष गेलं.

कारखान्याची जुनी धावपट्टी, दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस.
पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चाललेला,
म्हणजे वारा नव्हता.
वहिनींनी नारळ आणला होता, फोडायचा कुठं ते कळेना.
हुंदरे आत बसले, खरं तर त्यांनी ते अंगात घातलं,
काच लागली,
आणि मगदूमांनी पाठ फिरवली.

मी वर बघत होतो. सगळे वर बघत होते.
तोडकरी कोयते खाली धरून वर बघत होते.
मगदूम उसाकडं तोंड करून, डोळे मिटून,
एका हातानं कुंपणाची तार धरून उभे.
ते डोक्यावरून गेलं तेव्हा
त्यांची मान थोडी तिरकी झाली,
लेथवर धार बोथट झाली की होते तशी.
नऊ मिनिटं.

उतरल्यावर लोक हुंदऱ्यांकडं धावले.
मगदूम पोटाखाली घुसले, फडकं घेऊन.
बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते.
"हिकडं ये."
मी आडवा झालो त्यांच्या शेजारी, गरम पत्र्याखाली.
शेपटीजवळ एका रिव्हेटीभोवती
काजळाच्या रेघेसारखी काळी चकती.
"ही तुझी. हललीय."
सात हजारांतली कुठली माझी घाईची,
ते त्यांना इतकी वर्षं माहीत होतं.
"कवाची?" मी विचारलं.
"तुझ्या भणीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची."

मी बाही वर केली.
मनगट गेलं, कोपराशी अडकलं.
मगदूम माझ्या दंडाकडं बघत राहिले,
मग उसाच्या कडेला उभ्या पोरांकडं.
"एखादं बघाय पायजे," म्हणाले,
"बारीक हाताचं."